नुसता ‘सोडा’

त्या बरणीवर माझ्याच अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता: ‘सोडा’. काळ्या मार्करने, घाईत, शेवटचा काना जरा खाली घसरलेला. कार्यशाळेत नुकतीच येऊ लागलेल्या मुलीने ती बरणी फळीवरून काढली, तेव्हा तिला सुती कापड रंगवण्यापूर्वी भिजत घालण्यासाठी धुण्याच्या सोड्याचे पाणी करायचे होते. पांढरा पदार्थ आणि वर ‘सोडा’ असे लिहिलेले. शंका घेण्याचे काही कारणच नव्हते. बरणीत पूड नव्हती, पापुद्रे होते, पण हवेतल्या ओलाव्याने सोडा आळला असेल, अशी तिने आपली समजूत घालून घेतली. तिने बादलीच्या तळाशी मोजून चार चमचे टाकले आणि लवकर विरघळावे म्हणून त्यावर गरम पाणी ओतले. बरणीत कॉस्टिक सोडा होता, मी निळीच्या पिंपासाठी आणून ठेवलेला. बादलीतून तडतड आवाज आला, पाणी उसळले आणि दोन-तीन थेंब तिच्या मनगटाच्या वर पडले, जिथे हातमोजा संपतो आणि बाही अजून सुरू झालेली नसते त्या बोटभर उघड्या जागेवर.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला लाकडी ठसे धूत बसले होते. आवाज ऐकून मान वर केली, तोवर ती हात झटकत हसतही होती. ‘‘ताई, काही झाले नाही. भाजलेसुद्धा नाही, नुसते बुळबुळीत लागते आहे,’’ असे ती म्हणाली, आणि त्या ‘बुळबुळीत’ शब्दाने माझ्या पोटात खड्डा पडला. आम्ल अंगावर पडले की ते बहुधा लगेच झोंबते आणि माणूस आपोआप हात पाण्याखाली धरतो. तीव्र अल्कली असा इशारा देईलच याचा भरवसा नसतो. ती कातडीतल्या स्निग्ध अंशाचा साबण करू लागते, तो साबण बोटांना गुळगुळीत लागतो, आणि वेदना जाणवते तेव्हा पदार्थ बराच आत शिरलेला असतो. मी तिला अक्षरशः ओढत नळाखाली नेले. कुणीतरी मदतीच्या उत्साहात व्हिनेगरची बाटली घेऊन धावत आले. अल्कलीला आम्लाने मारावे, हा शाळेतला हिशोब. तो हिशोब परीक्षानळीत जुळतो, पण त्या दोघांच्या भेटीतून उष्णता निघते, आणि ती नेमकी पोळलेल्या कातडीवर निघावी असे कुणाला वाटेल? शिवाय बाटलीचे झाकण उघडण्यात जे क्षण जातात, ते पाण्याच्या वाट्याचे असतात. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत आम्ही वीस मिनिटे पाणी वाहते ठेवले. शेवटी टाचणीच्या डोक्याएवढे दोन लालसर ठिपके तेवढे उरले. तिचा डोळा त्या ठिपक्यांपासून हातभर अंतरावर होता, हे मी त्या वेळी मोठ्याने बोलले नाही.

नळाखाली हात धरून ती पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होती: ‘‘चूक माझीच आहे, मी विचारायला हवे होते.’’ भोवती जमलेल्यांनी तिची समजूत काढली, असे होते, शिकताना होतेच, पुढच्या वेळी विचारत जा, वगैरे. मीही मान डोलावली.

ती डोलावलेली मान मला आजही सलते.

सोडा हा आपल्या भाषेतला मोठा उदार शब्द आहे. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा ही तीन भावंडे त्याने एकाच घरात बसवली आहेत आणि दारावर एकच पाटी लावली आहे. पहिल्याच्या पाण्याचा सामू, म्हणजे ते किती अल्कली आहे हे सांगणारा pH चा आकडा, आठाच्या थोडा वर असतो, दुसऱ्याच्या पाण्याचा अकराच्या आसपास, आणि तिसऱ्याचे पातळ द्रावणसुद्धा तेराच्या आसपास जाते. कागदावर हे आकडे एकमेकांना खेटून उभे असल्यासारखे दिसतात. परंतु या मोजपट्टीवरची प्रत्येक पायरी दसपट असते, म्हणजे अकरा आणि तेरा यांच्यात दुप्पट-तिप्पट नव्हे, तर शंभरपट अंतर आहे. हे सगळे मला माहीत होते. माहीत होते म्हणूनच तर मी नुसते ‘सोडा’ लिहिले होते. निळीच्या सामानाच्या फळीवर ठेवलेला सोडा आणखी कोणता असणार, असे त्या मार्करचे झाकण लावताना मला वाटले असावे. तो शब्द मी माझ्यासाठी लिहिला होता आणि बरणी मात्र सर्वांच्या फळीवर ठेवली होती.

ही सवय मला कुठून लागली, याचा विचार करताना ज्यांच्या हाताखाली मी रंगकाम शिकले त्यांची खोली डोळ्यांपुढे येते. तिथे एकाही डब्यावर नाव नव्हते. अर्धवट गंजलेले डबे, तोंडाला फडके बांधलेली मडकी, दोऱ्याने गुंडाळलेल्या पुड्या, आणि त्या पसाऱ्यात त्यांचा हात कधीही चुकत नसे. निळीच्या पिंपात बोट बुडवून ते अंगठ्यावर चोळत आणि ‘आज हलका आहे’ किंवा ‘चढलाय’ असे सांगत. अल्कली किती आहे हे त्यांना बुळबुळीतपणावरूनच कळत असे. जुने रंगारी पिंपातला थेंब जिभेवर घेऊन पाहत असत, हेही त्यांनी मला अभिमानाने सांगितले होते. पृष्ठभागावरची तांबूस झळाळीची साय, खालचे हिरवट-पिवळे पाणी, त्यातून वर आलेले कापड हवेत धरताच पाहता पाहता निळे होत जाणे, हे मी त्या खोलीत प्रथम पाहिले आणि बाकी आयुष्याचा निकाल तिथेच लागला. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असत. ते निळेपण मला तेव्हा पदकासारखे वाटे, आणि पहिल्या वर्षी माझ्या नखांच्या कडा निळ्या राहू लागल्या तेव्हा मी ते हात मुद्दाम लोकांपुढे करत असे. त्यांना एक खोकलाही होता. सकाळी रंगाच्या पुड्या उघडल्या की तो सुरू होई आणि दुपारनंतर ओसरे. ‘रंगाचा खोकला’ म्हणून ते हसत, आणि आम्हीही हसत असू.

त्यांच्या खोलीत ते एकटेच काम करत असत. त्यांच्या डोक्यात असलेली नावे डब्यांवर लिहिण्याची गरजच नव्हती. मी ती खोली सोडून या सामायिक कार्यशाळेत आले, तेव्हा त्यांची बरीच कला मागे राहिली, पण बिनानावाच्या डब्यांची सवय तेवढी न चुकता माझ्याबरोबर आली.

आमच्या या खोलीत आठ-दहा माणसे पाळीपाळीने काम करतात. कुणी रेशमावर आम्ल रंग वापरते, कुणी छपाईच्या स्क्रीनवर पिगमेंटची पेस्ट ओढते, कुणी मेणाचे बाटिक करते, कुणाला फक्त झाडपाल्याचे रंग मान्य असतात. एक मोरी, एक मोठे टेबल, दोन शेगड्या, एक वाफेची पेटी आणि भिंतभर फळ्या. एखाद्या रात्री शांतपणे त्या फळ्यांकडे पाहिले की गंमत वाटते: रंगांच्या या खोलीत सर्वांत जपून हाताळावे असे बहुतेक पदार्थ पांढरे आहेत. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, तुरटीची पूड, युरिया, सायट्रिक ॲसिड, ऑक्झॅलिक ॲसिड, हायड्रो. एकाचे काम दुसऱ्याच्या अगदी उलट, आणि रूप मात्र सगळ्यांचे सारखेच निष्पाप. मोरचूद निळ्या खड्यांनी स्वतःची ओळख देतो, हिराकस फिकट हिरवा दिसतो. पांढऱ्यांना मात्र डब्यावरच्या अक्षरांशिवाय तोंड नसते.

यातला हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, सामायिक जागेचा खरा परीक्षक आहे. निळीला विरघळवण्यासाठी आम्हाला तो लागतोच. त्याला भरपूर पाण्यात टाकावे, ते त्याला चालते. पण त्याच्या डब्यात थोडे पाणी गेले तर तो आतल्या आत तापू लागतो, जळक्या काडीसारखा सल्फर डायऑक्साइडचा उग्र वास सोडतो आणि ढीग मोठा असेल तर पेटूही शकतो. म्हणून त्याचा चमचा कोरडा, झाकण घट्ट आणि जागा नळापासून लांब. एकट्याच्या खोलीत हा नियम पाळणे सोपे असते, कारण चमचा ओला करणारा आणि धूर पाहणारा माणूस एकच असतो. आमच्याकडे एकदा संध्याकाळी कुणाचा तरी ओला चमचा त्या डब्यात गेला आणि डबा गरम लागतो आहे हे रात्री दुसऱ्याच कुणाच्या तरी लक्षात आले. डबा थोडासा भरलेला होता, तो उचलून मोकळ्या हवेत, कशाजवळही नाही असा ठेवता आला, आणि बाकीचे लोक दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल लावून त्याची कथा ऐकत होते. चमचा कुणाचा होता हे कधीच कळले नाही. मला तर अशी शंका आहे की ज्याचा होता त्यालाही ते कळले नाही.

करणारा एक आणि सोसणारा दुसरा, ही या धंद्याची जुनी गोष्ट आहे. 1856 मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने लंडनमध्ये क्विनीन बनवण्याच्या खटपटीत चुकून जांभळा रंग मिळवला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. पुढे चाळीस वर्षेही झाली नव्हती, तोच 1895 मध्ये फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होत असल्याचे मांडले. त्या मागच्या ॲरोमॅटिक अमाइन्सचा, म्हणजे असे रंग ज्यांपासून बनतात त्या रसायनांचा, विशेषतः बेंझिडीनसारख्यांचा, दोष पुरता सिद्ध होऊन त्यांच्यावर बंधने येईपर्यंत कितीतरी दशके गेली, कारण काम आणि आजार यांच्यात कधी कधी वीस-वीस, तीस-तीस वर्षांचे अंतर पडते. इतक्या वर्षांनी कुणाला आठवणार की आपण कोणता डबा उघडला होता? युरोपीय संघाने 2002 मध्ये अशी 22 अमाइन्स सोडू शकणाऱ्या ॲझो रंगांना कापडातून बाहेर काढले. हे वाचल्यापासून मी जुन्या, बिनानावाच्या रंगाच्या पुड्या ‘रंग सुंदर आहे’ म्हणून उघडून पाहणे सोडले आहे, आणि ते सोडताना दुःखही झाले आहे, हे कबूल करते.

सुंदर म्हणताच एक डबा आठवतो. आमच्या फळीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, कधीच सोडून गेलेल्या कुणाचा तरी, नारिंगी स्फटिकांनी भरलेला एक काचेचा डबा होता. खिडकीतून ऊन आले की तो निखाऱ्यासारखा दिसे, आणि आमच्यापैकी काहींनी तो केवळ शोभेसाठी खाली आणून ठेवला होता. ते पोटॅशियम डायक्रोमेट होते. लोकरीला रंग पकडवण्यासाठी आणि स्क्रीनवरचा लेप, म्हणजे इमल्शन, प्रकाशसंवेदी करण्यासाठी पूर्वी ते सर्रास वापरत. त्यातले षट्संयोजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, कातडीवर ते लवकर बऱ्या न होणाऱ्या जखमा करते, आणि मोरीत ओतून त्याच्यापासून सुटका होत नाही, कारण मोरी काही जगाचा शेवट नसते. जिच्याकडे घातक कचरा सोपवता येतो अशी व्यवस्था शोधून तो डबा मार्गी लावण्यात आमचा महिना गेला. बेवारस डबा हा सामायिक खोलीतला सर्वांत अवघड पाहुणा असतो: तो कुणाचाच नसतो, म्हणून त्याला जा म्हणणारेही कुणी नसते.

झाडपाल्याचे रंग वापरणारे आमचे मित्र या गोष्टी ऐकताना किंचित समाधानाने हसतात. त्यांच्याशी माझे भांडण प्रेमाचे आहे. पाने आणि साली निरुपद्रवी असतीलही, पण त्या रंगांना कापडावर टिकवण्यासाठी मोरचूद किंवा हिराकस ढवळणारा हात तोच असतो. मोरचूद विषारी आहे, आणि लोहाचे क्षार लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेततात. ‘नैसर्गिक’ या शब्दाचे माझ्या ‘सोडा’सारखेच आहे: ज्याने लिहिला त्याला पुरेसा, वाचणाऱ्याला अपुरा.

त्या प्रसंगानंतर आठवड्याभराने मी एक प्रयोग केला. पांढऱ्या टीपकागदाचे तीन तुकडे पाण्याने भिजवले. एक माझ्या टेबलावर ठेवला, एक खिडकीशी आणि एक ज्या फळीवर आम्ही पाणी पिण्याचे पेले पालथे घालतो तिथे. रात्री सगळे गेल्यावर दिवे मालवून मीही निघून गेले. सकाळी उघडले तेव्हा खिडकीशी ठेवलेला कागद जवळजवळ कोरा होता. माझ्या टेबलावरच्या कागदावर मोरपिशी आणि पिवळ्या रंगाचे बारीक ठिपके फुटले होते, ओल्या कागदावर कडा पसरत गेलेले, अगदी एखाद्या नाजूक छापाच्या कापडासारखे. मी तेव्हा दोन महिने निळीशिवाय काही वापरलेले नव्हते. पेल्यांच्या फळीवरच्या कागदावर लाल रंगाचे तीन ठिपके होते.

ते तीन ठिपके मी बराच वेळ पाहत उभी राहिले.

हवेतून कागदांवर उतरलेली ती रंगाची पूड कुणाची, याचा तपास करण्यात अर्थ नव्हता. ती कुणी उधळलेली नव्हती. कुणीतरी वजनकाट्याशेजारी रिॲक्टिव्ह रंगाची पुडी नेहमीसारखी उघडली असेल आणि छताचा पंखा नेहमीसारखा फिरत असेल. रिॲक्टिव्ह रंगांवर माझे फार प्रेम आहे. आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन यांच्या शोधातून ते 1956 मध्ये बाजारात आले, पर्किनच्या जांभळ्या रंगानंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्यांचे वैशिष्ट्य असे की ते धाग्यावर नुसते बसत नाहीत, धुण्याच्या सोड्याच्या साथीने कापसातल्या सेल्युलोजशी पक्का रासायनिक बंध जोडतात, म्हणून कितीही धुतले तरी कापड फिके पडत नाही. परंतु बंध जोडण्याची ही हौस त्यांना फक्त कापसापुरती ठेवता येत नाही. श्वासाबरोबर आत गेलेली पूड शरीरातल्या प्रथिनांनाही तशीच चिकटते, काही जणांचे शरीर तिला शत्रू म्हणून ओळखू लागते, आणि एकदा ही ओळख पटली की पुढे अगदी चिमूटभर धुळीनेही दमा उसळतो. हा दमा पूड सांडणाऱ्यालाच होईल असे काही नाही. तो शेजारच्या टेबलावर मान खाली घालून काम करणाऱ्यालाही होऊ शकतो. ज्या गुणाने रंग पक्का होतो त्याच गुणाने तो घात करतो, हे समजल्यावर मला एकदम ‘रंगाचा खोकला’ आठवला आणि आपण तेव्हा हसलो होतो, हेही.

उपाय इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. रंग घातक असतो तो मुख्यतः कोरडा असताना. पाण्यात कालवला की तो हवेत उडत नाही. म्हणून आम्ही एका मोठ्या खोक्याचे तोंड पुढच्या बाजूने उघडे ठेवले, आत ओले वर्तमानपत्र अंथरले आणि पुडी फक्त त्याच्या आत उघडायची असे ठरवले. उडालेली पूड ओल्या कागदाला चिकटते, रंगाला थेंब थेंब पाणी देऊन आधी त्याची लापशी करायची, मग द्रावण, आणि द्रावणाच्या बाटलीतूनच सगळ्यांनी घ्यायचे. पंखा त्या वेळी बंद. झाडू कायमचा हद्दपार, कारण झाडू धूळ काढत नाही, तिला फक्त नवी जागा दाखवतो. ओल्या फडक्याने पुसायचे. पेल्यांची फळी शेजारच्या खोलीत गेली. पूड हाताळणाऱ्याने नाकावर नीट बसणारा धुळीचा मास्क लावायचा. एन-95 म्हणजे सूक्ष्म कणांपैकी किमान 95 टक्के अडवणारा, पण चेहऱ्याशी तो फटी न राहता बसला तरच. आणि तो वाफांना व वायूंना अडवत नाही, ही गोष्ट मास्क लावल्यावर अंगात येणाऱ्या धाडसामुळे हमखास विसरली जाते.

वायूंबद्दल सांगायचे तर आमची मोरी सांगावी लागेल. रेशमाचे काम करणारा सायट्रिक ॲसिडचे उरलेले पाणी मोरीत ओततो. यात त्याचे काही चुकत नाही. स्क्रीन धुणारी ब्लीचचे पाणी मोरीत ओतते. तिचेही फारसे चुकत नाही. दोघे पाच मिनिटांच्या अंतराने आले, की मोरीच्या तोंडाशी क्लोरीन तयार होतो. दोन निर्दोष माणसांच्या मधोमध एक विषारी वायू उभा राहतो आणि दोघेही प्रामाणिकपणे सांगू शकतात की मी तर रोजच हे ओततो. आम्ही हे एकदा थोडक्यात अनुभवले: घशात काटे टोचल्यासारखे झाले, डोळ्यांतून पाणी आले, सगळे बाहेर पळालो, आणि दार सताड उघडे टाकून तासभर अंगणात उभे राहिलो. त्या दिवसापासून ब्लीचच्या पाण्यात आधी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट टाकून त्याचा जोर मोडायचा आणि मगच ते ओतायचे, अशी रीत पडली. कुणीतरी त्याच हेतूने व्हिनेगर सुचवले होते. या व्हिनेगरचा पिच्छा काही सुटत नाही.

मेणाबद्दल फार लिहीत नाही, कारण मेणाला सगळेच घाबरतात आणि घाबरलेली माणसे सहसा नीट वागतात. पॅरॅफिन साठेक अंशांना वितळते आणि दोनशेच्या आसपास तापले की त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. म्हणून ते थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या भांड्यात ठेवायचे, आणि पेटलेच तर शेगडी बंद करून झाकण घालायचे. पाणी कधीच नाही. तापलेल्या मेणाखाली गेलेले पाणी क्षणात वाफ होऊन जळते मेण छतापर्यंत उडवते. वाफेच्या पेटीचे झाकणही आपल्या अंगापासून लांब असलेल्या कडेने आधी उचलायचे. हे एकदा कुणाच्या कोपराला चटका बसला की सर्वांना पाठ होते.

मला जास्त भीती दाराच्या मुठीची वाटते. आमच्या दाराची पितळी मूठ एके काळी निळी, मग तांबडी, मग मातकट झाली होती. हातमोजे घातलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो आणि त्याच हाताने नळ, मूठ, दिव्याचे बटण, मोबाइल, सगळीकडे आपली सुरक्षितता पुसत जातो. नंतर उघड्या हाताने आलेला माणूस ती मूठ धरतो आणि डोळा चोळतो. हातमोजे दुसऱ्यांसाठी वापरायचे असतात, हे मला फार उशिरा सुचले. काढण्यापूर्वी ते घातलेलेच धुवावेत, फाटलेला मोजा लगेच टाकावा, कारण भोकातून आत गेलेला रंग आत कोंडून कातडीला दिवसभर भिजत ठेवतो, आणि हातावरचा रंग ब्लीचने घासून काढू नये. या शेवटच्या गोष्टीत माझा स्वतःचा इतिहास चांगला नाही. एका समारंभाला जायचे होते, नखे निळी होती, आणि पदकाची अचानक लाज वाटली होती.

अवघड भाग रसायनांचा नसतोच. भिंतीवर नियमांचा कागद लावणे सोपे आहे, आमच्याकडे तो कधीपासून आहे, आणि त्यावरही रंगाचे ठिपके आहेत. वयाने मोठ्या, हाताने माझ्याहून कितीतरी कसबी असलेल्या माणसाला ‘मास्क लावता का?’ असे विचारताना माझी जीभ अडखळते. ‘इतकी वर्षे काही झाले नाही,’ हे उत्तर ठरलेले असते आणि ते खोटेही नसते. आपण किरकिरे ठरू, इथली मोकळी हवा आपल्यामुळे कचेरीसारखी होईल, ही भीती मनात असते. एकत्र काम करण्याचे सुख तर या मोकळेपणातच आहे, एकाच्या बादलीत दुसऱ्याने डोकावण्यात, उरलेला रंग शेजाऱ्याला देण्यात. तो उरलेला रंग देताना ‘यात काय काय आहे’ हे सांगायचे राहते, एवढेच. प्रत्येक रसायनाबरोबर सोळा भागांचे सुरक्षा-पत्रक मिळते. त्यातला चौथा भाग प्रथमोपचाराचा आणि आठवा मास्क-मोज्यांचा. आम्ही ती सगळी पत्रके एका जाड फाइलमध्ये लावून ती फाइल कपाटात न ठेवता मोरीजवळ दोरीने टांगली आहे. ती कुणी वाचते असे मी म्हणणार नाही. पण परवा एकाने ती चाळता चाळता ‘अरे बापरे’ असे म्हटलेले मी ऐकले.

आणि मी ती बरणी पुन्हा लिहिली. आता तिच्यावर ‘कॉस्टिक सोडा – सोडियम हायड्रॉक्साइड’ असे पूर्ण नाव आहे, त्याखाली माझे नाव, आणल्याची तारीख, आणि एक ओळ: ‘थंड पाण्यात हा हळूहळू टाकावा, याच्यावर पाणी कधीही ओतू नये, चष्मा आणि लांब मोजे घालावेत.’ शेजारी गंजण्याची खूण असलेला लाल चौकटीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा कागद चिकटवला. लिहायला पाच मिनिटे लागली. ते लिहून झाल्यावर त्या मुलीला बोलावले आणि सांगितले की त्या दिवशी चूक माझी होती, आणि तू तसे म्हणत असताना मी मान डोलावली तीही चूकच होती. ती गोंधळली. मोठ्या माणसाने असे काही बोलावे आणि आपण ऐकून घ्यावे, याची तिला सवय नसावी. ‘‘ताई, मी आता विसरलेसुद्धा,’’ असे म्हणून ती घाईने कामाला लागली. मनगटावरचे ठिपके तोवर फिके होऊन गेले होते, पण तिने बाही मोज्याच्या आत नीट खोचलेली मला दिसली.

काल सकाळी मी लवकर गेले, तेव्हा मोरीशेजारी एक बादली भरून ठेवलेली होती. पाणी स्वच्छ, वास नाही, रंग नाही. ब्लीचचे पातळ पाणी असेच दिसते, कॉस्टिकचेही असेच दिसते. बादलीच्या कडेला कागदी पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर त्या मुलीच्या टपोऱ्या अक्षरात, खाली तारीख आणि वेळ घालून लिहिले होते: ‘हे पाणी आहे. फक्त पाणी. उद्याच्या कापडासाठी नळाखाली भरून ठेवले आहे.’ मला हसू आले. दोनदा वाचले, अक्षर तिचेच होते, तारीख आदल्या संध्याकाळची होती. मग मी खुंटीवरचे मोजे काढले, हातात चढवले, आणि बादली उचलून बाजूला ठेवली.